शंभर आणि अठ्ठ्याण्णव

शुक्रवारी बाजारात घेतली तेव्हा
मला वाटलं, दोन तारा तुटल्यात.
तेवढ्यावरून दोनशे कमी करवून घेतले.
विकणारा काही बोलला नाही,
त्यालाही तसंच वाटलं असावं.

फतेहगंजात, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
मॅकवान सरांनी ती उलटसुलट पाहिली,
लांब मान, जड डोकं,
आणि म्हणाले, शिर्केबेन, आ तो पूरी छे.
बेस आहे ही. हिला चारच असतात.
गाणं वर चालतं,
ही त्याच्या खालची लादी.

ई, ए, डी, जी. जाडीपासून बारकीकडे.
पाठ व्हायला वेळ लागला नाही,
याहून लांब नंबर मी रोज लिहिते
कॉइलच्या पाट्यांवर.
मकरपुऱ्यात वीस वर्षं तांब्याची तार गुंडाळते मी.
सरांनी माझी बोटं दाबून पाहिली:
बाकीच्यांना सहा महिने लागतात
एवढे घट्टे यायला.

पण घट्टे म्हणजे वाजवणं नव्हे.
डावीकडे चार बोटं, चार घरं,
प्रत्येकाने आपापल्या घरात राहायचं.
करंगळी ऐकत नाही,
हवेत उभी राहते
कपबशी धरलेल्या पाहुणीसारखी.
उजवीकडे दोनच, तर्जनी, मधलं,
तर्जनी, मधलं,
चालताना पाय बदलतो तसं, न सांगता.
माझी तर्जनी दोनदा पडते. सर थांबतात.
धीमे, शिर्केबेन. ट्रेन नाही पकडायची.

वहीत त्यांनी लिहून दिलं:
दोन घरं, दोन घरं, एक.
दोन, दोन, दोन, एक.
तिथलं ते पहिलं एक
अंधारातल्या आखूड पायरीसारखं.
पाय आधी चुकतो, मग ओळखतो.
तुमच्यात याला सा रे ग म म्हणतात, सर म्हणाले.
ते होतं मला शाळेत.
प्रार्थनेच्या ओळीत मागून दुसरी.
बाईंनी जवळ येऊन हळूच सांगितलं होतं,
तू नुसते ओठ हलव.

आता सा सापडला की प शोधावा लागत नाही.
एक तार पलीकडे, दोन घरं पुढे.
मान धरून कुठेही जा, अंतर तेवढंच.
बाईंना हे माहीत असणार.

सगळ्यात अवघड, गप्प करणं.
एक वाजवली की शेजारची आपणहून घुमते.
तिच्यावर बोट नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही,
झोपलेल्या पोराचा ताप बघतो तसं.
हे जमायला एक उन्हाळा गेला.

मग एका रविवारी ट्यूनरचा सेल संपला.
आमच्या नाक्यावर डीपी आहे,
खिडकी उघडली की तिचं घुं घरात येतं.
टेस्टिंगच्या शेडमध्ये हेच ऐकत आले,
त्याला नाव असेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.
बारकी तार त्याच्याशी लावली,
बाकीच्या तिघी तिच्याशी.

सरांनी कीबोर्डशी ताडून पाहिलं. कपाळाला आठी.
आपसात सगळं बरोबर आहे, बेन,
पण सगळंच चढं.
कुणाकडून लावलीत?
जीईबीकडून, मी म्हणाले.

ते इतके हसले
की खालचा सायकलवाला पान्हा घेऊन वर आला.
मग फळ्यावर लिहिलं:
ट्रान्सफॉर्मर शंभर. तार अठ्ठ्याण्णव.
दोन्ही एकत्र ऐका, म्हणाले, आवाज डुलेल,
सेकंदाला दोनदा.
आणि खुंटी केसभर सैल केली.

सोमवारी मोठा नग होता टेस्टिंगला.
जाडेजाभाईंनी सप्लाय दिला, शेड भरून घुं.
मी माझा जी धरला, एक मजला वरचा,
घशात, अगदी आत.
ओठ हलले नाहीत.
तो आणि मी, आणि मधे काहीतरी डुलत होतं,
तीनदा? चारदा?
मोजता मोजता
रीडिंग लिहायचं राहिलं.